विंचवाचें बिऱ्हाड : कल्याणच्या घाटवाटांवरील पायीं प्रवाशाचें अंथरूण

इतिहासलेखनांत राजे, लढाया, सनदा आणि वतनें यांस जागा मिळत आलेली आहे. घाट, बंदरें व जकाती यांसहि ती मिळूं लागली आहे. परंतु ज्या माणसांनीं ते घाट तुडविले, तीं रात्र पडल्यावर कशावर आडवीं झालीं व काय पांघरून निजलीं, हा प्रश्न आमच्याकडे फारसा कोणी विचारलेला नाहीं. त्याचें कारण उघड आहे. ताम्रपट टिकतो, शिलालेख टिकतो, दप्तरांतला कागदहि वाळवीच्या तावडींतून सुटला तर टिकतो. घोंगडी टिकत नाहीं. ती झिजते, विरते, खोगिराखालची घडी होते, शेवटीं पायपुसण्याच्या कामीं येते आणि नाहींशी होते. वस्तु गेली म्हणजे तिचा विचारहि जातो.

या विषयाकडे आमचें लक्ष वळण्यास निमित्त घडलें तें असें. ठाणें, कल्याण व डोंबिवली या शहरांतून शनिवारच्या रात्रीं पुष्कळ तरुण-तरुणी पाठीवर पिशव्या घेऊन माहुली, गोरखगड, सिद्धगड, नाणेघाट, हरिश्चंद्रगड या बाजूंस निघतात. त्यांच्यांत निजण्याच्या सामानाविषयीं मोठ्या हिरिरीचा वाद चालतो. कोणी ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब मांडतो, कोणी जाड पांघरुणाचा आग्रह धरतो. या वादांत दोन मतें आम्हीं वारंवार ऐकलीं. पहिलें मत असें कीं, थोडक्यांत मावणारें व हलकें असें अंथरूण बरोबर नेण्याची विद्या पाश्चात्यांकडून आली. आमच्या पूर्वजांना एक तर गादी ठाऊक, नाहीं तर उघडी जमीन. दुसरें मत याच्या नेमकें उलट : आजोबांच्या घोंगडींत सगळें होतें, बाकीचें बाजारी थोतांड. हीं दोन्ही मतें पुराव्याच्या कसोटीस उतरत नाहींत असें आम्हांस वाटतें. प्रस्तुत लेखांत कल्याणहून घाटावर जाणारी जुनी वाट समोर ठेवून त्यांची छाननी करावयाची आहे.

१. वाट व तिच्यावरील दगडी शेज

कल्याण बंदर फार प्राचीन. पहिल्या शतकांतील एका ग्रीक व्यापाऱ्याच्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथांत त्याचा उल्लेख आहे, आणि कान्हेरीच्या अनेक दानलेखांत दाते आपणांस कल्याणचे रहिवासी म्हणवितात. बंदरांत उतरलेला माल देशावर न्यावयाचा तर सह्याद्रि चढणें भाग. त्याची एक प्रमुख वाट मुरबाडवरून वैशाखरें गांवास येई, तेथून नाणेघाट चढून जुन्नरास जाई व पुढें पैठणाकडे वळे. कल्याणपासून घाटाचा पायथा पन्नास-साठ किलोमीटर आहे. ओझ्याच्या माणसाला किंवा बैलाला हें अंतर एका दिवसांत उरकत नाहीं. म्हणजे घाट चढण्यापूर्वीं निदान एक रात्र वाटेंत काढणें ठरलेलेंच होतें.

घाटमाथ्याच्या किंचित् खालीं, कोंकणाकडे तोंड करून, सातवाहन राणी नागनिका हिच्या लेखामुळें प्रसिद्धीस आलेलें लेणें आहे. हा लेख इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास कोरला गेला असें सामान्यतः मानतात. यज्ञांच्या दक्षिणेंत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण यांचे आंकडे विद्वानांनीं बारकाईनें तपासले आहेत. पण त्याच लेण्यांत भिंतीलगत जे दगडी बांक कोरलेले आहेत, त्यांच्याविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. राजकुळाच्या प्रतिमा जेथें होत्या तेथेंच वाटसरूनें पाठ टेकावी अशी ही योजना दिसते. घाटाच्या तोंडाशीं असलेला दगडी रांजण जकातीचा, असें परंपरा सांगते. तो खरा मानला तर जकात घेणाऱ्यानें बदल्यांत निवारा दिला असें म्हणावें लागेल.

कान्हेरीच्या विहारांतहि भिक्षूंच्या खोल्यांत दगडाचेच ओटे आहेत व जवळ पाण्याचीं टांकीं आहेत. या दोन्ही ठिकाणीं शेज स्थिर आहे. हलणारी वस्तु ती काय प्रवाशाच्या खांद्यावरची. म्हणून प्रवाशाच्या अंथरुणाचा विचार करतांना त्याचे दोन भाग वेगळे पाडले पाहिजेत : एक अंगाखालचा, दुसरा अंगावरचा. या दोहोंत अधिक महत्त्वाचा कोणता, याविषयीं पुष्कळांची समजूत चुकीची असते. आमचीहि होती. तरुणपणीं एका पौष महिन्यांत आम्हीं गोरखगडाच्या गुहेंत रात्र काढली. अंगावर दोन जाड चादरी होत्या, खालीं कांहीं नव्हतें. मध्यरात्रीं छाती उबेंत आणि पाठ थिजलेली, अशी अवस्था झाली. शेवटीं दोहोंतील एक चादर घडी करून खालीं घातली, तेव्हां कोठें डोळा लागला. दगड अंगाची उष्णता सतत ओढून घेत असतो, आणि अंगाच्या भारानें दबलेलें पांघरूण त्याला अडवूं शकत नाहीं; कारण ऊब कापडांत नसून कापडानें धरून ठेवलेल्या स्थिर हवेंत असते, आणि दबलेल्या कापडांत हवा उरत नाहीं. ज्यांनीं दगडावर निजण्यांत आयुष्यें घालविलीं त्यांना हें ठाऊक असणारच. तें होतें, याचा पुरावा विनयग्रंथांत मिळतो.

२. भिक्षूचें संथत

बौद्ध भिक्षूंच्या प्रातिमोक्षांत ‘संथत’ नांवाच्या वस्तूविषयीं ओळीनें नियम आले आहेत. संथत म्हणजे लोंकर पसरून, दाबून केलेली बसण्या-निजण्याची चटई. ती निव्वळ काळ्या लोंकरीची करूं नये; दोन भाग काळी, तिसरा भाग पांढरी व चौथा भाग पिंगट लोंकर घ्यावी. एकदां केलेलें संथत सहा वर्षें वापरावें. त्याच्या आंत नवें करूं नये. या शेवटच्या नियमास पुढें अपवाद जोडावा लागला. त्याची हकीकत मनोरंजक आहे. कौशांबीस एक भिक्षु आजारी पडला. नातेवाइकांनीं शुश्रूषेसाठीं बोलाविलें, पण तो निघेना. संथत उचलून नेण्याची शक्ति नाहीं, त्यावांचून चैन पडत नाहीं, आणि नियम नवें करूं देत नाहीं, अशी त्याची अडचण होती. तेव्हां आजारी भिक्षूस संघाच्या संमतीनें नवें करण्याची मोकळीक मिळाली.

याच प्रकरणांतला आणखी एक नियम असा कीं, प्रवासांत लोंकर मिळाली व नेणारा कोणी नसला, तर भिक्षूनें ती स्वतः तीन योजनांपर्यंतच न्यावी. एक भिक्षु उत्तरीयांत लोंकरीचें गांठोडें बांधून श्रावस्तीकडे चालला असतां लोकांनीं त्याची थट्टा केली : केवढ्यास घेतली, नफा किती होणार? त्यावरून हा नियम झाला असें सांगतात.

या गोष्टींचें मर्म काय? चालणाऱ्या माणसाच्या अंथरुणाचा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वींच्या समाजापुढें आजच्याच स्वरूपांत उभा होता. खालचा थर हवा. तो लोंकरीचा असावा. तो टिकला पाहिजे. आणि तो स्वतःस उचलतां आला पाहिजे. कौशांबीच्या त्या आजाऱ्याची तक्रार आणि डोंबिवलीच्या तरुणाची तक्रार यांत आम्हांस फरक दिसत नाहीं.

हा खर्च समाजानें अंगावर घेतला होता, हेंहि लक्षांत ठेवावें. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखांत गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींत ठेवलेल्या ठेवीचा तपशील आहे. २,००० कार्षापण दरमहा शेंकडा एक व्याजानें ठेवून त्यांतून वीस भिक्षूंस वस्त्रासाठीं प्रत्येकीं बारा कार्षापण द्यावयाचे होते. आणखी १,००० कार्षापण दरमहा शेंकडा पाऊण व्याजानें निराळे ठेवले होते. दोन हजारांचें वर्षाचें व्याज दोनशें चाळीस होतें व वीस गुणिले बारा म्हणजेहि दोनशें चाळीसच. पै न पै जुळणारा हा हिशेब पाहिला म्हणजे भटक्या माणसाचें वस्त्र ही त्या काळीं किरकोळ बाब नव्हती याची खात्री पटते.

३. घोंगडी

आतां घोंगडीकडे वळूं. दख्खनी मेंढीची लोंकर राठ व बहुधा काळी असते. वर्षांतून दोन वेळां ती कातरतात. धनगरांच्या घरीं ती कातली जाते. धनगर व सणगर हातमागावर तिचे पट्टे विणतात. ताण्याला चिंचोक्यांची खळ देतात, त्यामुळें नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी कडक असते व वापरानें मऊ पडते. रंग मेंढीचा तोच कापडाचा. वीण व लांबीरुंदी यांप्रमाणें तिचें वजन साधारणपणें दीड-दोन किलोंपासून तीन किलोंपर्यंत भरतें.

ही घोंगडी एकच वस्तु खरी, पण तिचीं कामें अनेक. पावसांत खोळ करून डोक्यावरून घ्यावी. उन्हांत चौघडी करून खांद्यावर टाकावी म्हणजे ओझ्याचा काच लागत नाहीं. बाजारांत धान्य बांधावें. दुपारीं झाडाखालीं अंथरावी. रात्रीं अर्धी खालीं व अर्धी वर घ्यावी. गुराखी, मेंढपाळ, पंढरीचा वारकरी आणि घाटांतला हमाल या सर्वांना ती पुरली, कारण त्यांच्यापैकीं कोणाच्याहि पाठीवर एका कामासाठीं एक वस्तु घेण्याची जागा नव्हती. आजचे लोक ‘प्रत्येक वस्तूनें दोन कामें करावीं’ असें जें सूत्र सांगतात, तें येथें बोलून न दाखवितां पाळलेलें आहे.

लोंकरीचा आणखी एक गुण कोंकणाच्या हवेंत फार उपयोगी पडतो. आपल्या वजनाच्या सुमारें तीस टक्के ओल ती पोटांत घेते, तरी हाताला चिंब लागत नाहीं. आणि ओल शोषतांना थोडी उष्णताहि सोडते. भिजलेलें सुती कापड अंग गार करतें. भिजलेली घोंगडी कांहींशी ऊब धरून राहते. घाटांतल्या धुक्यांत या फरकाचा अर्थ काय होतो तें अनुभवलेल्यास सांगावयास नको.

परंतु गुण सांगितल्यावर दोषहि सांगितले पाहिजेत. नाहीं तर संशोधन जाऊन स्तोत्र व्हावयाचें. घोंगडी टोंचते. भिजली कीं तिचें ओझें चांगलेंच वाढतें व ती लवकर वाळत नाहीं. तिची घडी लहान होत नाहीं. शिवाय खालच्या दगडापासून ती थोडेंच संरक्षण देते. म्हणून घोंगडीवाला शक्यतों पेंढा, गवत किंवा पालापाचोळा पसरून त्यावर ती अंथरी. खालचा थर तो जागेवर मिळवीत असे, वरचा तेवढा वाहत असे. ही युक्ति विसरून जे नुसत्या घोंगडीचें कौतुक करतात, ते निम्मी गोष्टच सांगतात.

४. डेरे आणि खोगीर

येथवर भिक्षु, धनगर व हमाल यांचा विचार झाला. अंथरुणाचें दुसरें टोंक पाहावयाचें तर बादशाही छावणीकडे पाहावें. अबुल फजल ‘आईने अकबरी’मध्यें बादशाही मुक्काम वाहून नेण्यास १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे आणि १०० हमाल लागतात असें नोंदतो. असे डेरे दुहेरी असत. एक जोड आजच्या मुक्कामीं उभा, दुसरा उद्यांच्या मुक्कामाकडे पुढें रवाना. बादशहाला निजावयास उशीर होऊं नये म्हणून एवढा खटाटोप.

इ. स. १६५७ मध्यें कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या हातीं आली. त्यांच्या घोडदळाची रीत सभासदानें वर्णिली आहे : दसऱ्यास स्वारीस निघावें, आठ महिने बाहेर राहावें, पावसाळ्यास छावणीस परत यावें, लष्करांत बायको, बटकी, कलावंतीण नसावी. या शेवटच्या कलमाकडे बहुतेक अभ्यासक नीतीच्या दृष्टीनें पाहतात. आम्हांस त्यांत सामानाची दृष्टीहि दिसते. ज्या फौजेंत कुटुंबकबिला नाहीं, तींत मोठे डेरे नाहींत. डेरे नाहींत म्हणून ते वाहणारे उंट-बैल नाहींत. आणि ते नाहींत म्हणून त्यांच्या चाऱ्याची तजवीज नाहीं. स्वाराचें अंथरूण त्याच्या घोड्यावर मावेल एवढेंच राहतें. सभासद अंथरुणाची यादी देत नाहीं. हा आमचा तर्क आहे, आणि तर्क म्हणूनच तो वाचकांनीं घ्यावा.

याच्या उलट शंभर वर्षांनीं, १७६०-६१ मध्यें, उत्तरेस गेलेल्या फौजेबरोबर बायकामुलें, यात्रेकरू व बुणगे यांचा केवढा जमाव होता तें पानिपतच्या प्रत्येक वाचकास विदित आहे. पानिपतचा पराभव अंथरुणामुळें झाला असें म्हणण्याचा वेडेपणा आम्ही करणार नाहीं. त्याचीं कारणें अनेक आहेत. तथापि चालीचा वेग मंदावला हें त्या कारणांपैकीं एक, आणि वेग मंदावण्यास सामान हें एक कारण, एवढें म्हणण्यास हरकत नसावी.

५. दुसऱ्याच्या खांद्यावरचें अंथरूण

आतां एका साध्या प्रवाशाकडे येऊं. इ. स. १८५७ मध्यें पेण तालुक्यांतील वरसईचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक, चुलते रामभट यांच्यासह, बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञांत दक्षिणा मिळेल या आशेनें उत्तरेस निघाले आणि बंडाच्या ऐन वणव्यांत सांपडले. झांशीचा वेढा त्यांनीं आंतून पाहिला, पुन्हां पुन्हां लुटले गेले, आणि शेवटीं आईबापांसाठीं गंगेची कावड घेऊन घरीं आले. त्यांचा हा वृत्तांत ‘माझा प्रवास’ या नांवानें १९०७ मध्यें प्रसिद्ध केला तो कल्याणचेच रहिवासी भारताचार्य चिंतामण विनायक वैद्य यांनीं. मूळ पोथीवरून तो पुन्हां संपादून १९६६ मध्यें दत्तो वामन पोतदारांनीं प्रसिद्ध केला. बंडाचें साधन म्हणून या पुस्तकाचा उपयोग सर्वांनीं केला आहे. पायीं प्रवासाचें साधन म्हणूनहि तें वाचण्यासारखें आहे. लुटारूंच्या मुलुखांतून चालणाऱ्या माणसाच्या अंगावर काय उरतें, आणि ज्या खांद्यावर कावड आहे त्या खांद्यावर दुसरें किती ओझें राहूं शकतें, याचा विचार केला म्हणजे प्रवाशाच्या गांठोड्याचें माप कळतें.

या प्रवासास गोडसे निघाले त्यापूर्वींच कल्याणांत आगगाडी आली होती. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें हा मार्ग खुला झाला व १८५४ च्या मे महिन्यांत गाडी कल्याणास पोंचली. १८६३ मध्यें बोरघाट व १८६५ मध्यें थळघाट रुळांनीं बांधला गेला. दोन हजार वर्षें ज्या वाटेनें माल व माणसें चढलीं, त्या नाणेघाटाचें महत्त्व यामुळें संपलें. त्याबरोबर अंथरुणाचेंहि रूप पालटलें. खांद्यावरची घोंगडी जाऊन सतरंजींत गुंडाळलेली, दोरीनें आवळलेली वळकटी आली. पुढें कॅनव्हासचा, पट्ट्यांचा होल्डॉल आला. त्यांत गादी, दोन उशा, चादरी, शिवाय कडेच्या खणांत चपला, पंचा आणि एखादें पुस्तक. तो उचलण्यास स्टेशनावर हमाल, ठेवण्यास बाकाखालची जागा. ज्याला तो वाहावयाचा नव्हता त्यानेंच तो भरला, म्हणून तो फुगला. गाडींतच अंथरूण-पांघरूण मिळण्याची सोय वाढली तसा होल्डॉलहि दिसेनासा झाला. आतां तो माळ्यावरच सांपडतो.

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण घरांत निजणाऱ्यासाठीं आहे. प्रवाशाची म्हण ‘विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर’ ही. आगगाडीनें विंचवाच्या पाठीवरचें बिऱ्हाड काढून हमालाच्या डोक्यावर ठेवलें, आणि दोन-तीन पिढ्यांत आम्ही ती विद्या विसरलों. विसरलों म्हणूनच ती परकी वाटूं लागली.

६. युरोपचा दाखला

ही विद्या पाश्चात्यांना तरी मुळापासून अवगत होती काय? फ्रान्सिस गॉल्टन यानें १८५५ मध्यें प्रवासाच्या कलेवर ग्रंथ लिहून अंथरुणाची चर्चा केली, ती रानोमाळ हिंडणाऱ्यांच्या अनुभवावरून. १८७६ मध्यें वेल्समधील न्यूटाऊन येथील प्राइस-जोन्स या व्यापाऱ्यानें ‘युक्लिसिया रग’ नांवाच्या निजण्याच्या पिशवीचें पेटंट घेतलें. ती मूळची लोंकरीची घोंगडीच, एका बाजूस दुमडून जोडलेली व रबराच्या उशीसाठीं कप्पा ठेवलेली. रशियन सैन्यासाठीं ती हजारोंच्या संख्येनें तयार झाली. १८७८ मध्यें फ्रान्सच्या सेव्हेन डोंगरांत हिंडतांना स्टीव्हन्सन या लेखकानें बाहेरून मेणकापड व आंतून मेंढीची लोंकर अशी पिशवी शिवून घेतली; पण ती इतकी अवजड झाली कीं वाहण्यास गाढवी विकत घ्यावी लागली. पुढें १८८८ मध्यें नान्सेन ग्रीनलंडचें बर्फ ओलांडून गेला, तेव्हां तीन-तीन माणसांनीं एकेका कातड्याच्या पिशवींत निजावें अशी योजना त्यानें केली. घसरगाड्या स्वतःच ओढावयाच्या होत्या.

म्हणजे तेथेंहि तोच न्याय. गाढवी मिळाली तेथें अंथरूण जड झालें. दोर स्वतःच्या खांद्यावर आला तेथें तिघांत एक झालें. लोंकरीची पिशवी आणि आमच्या गुराख्याची अर्धी वर अर्धी खालीं घोंगडी यांत अंतर आहे तें फक्त एका शिवणीचें. पुढील काळांत पिसें, कृत्रिम तंतु व फुगणाऱ्या चटया आल्या. त्यांचें श्रेय त्या त्या देशांस निःसंशय दिलें पाहिजे. पण प्रश्न त्यांचा एकट्यांचा नव्हता.

७. निवडीचा विचार

इतिहास सांगून थांबावें असें वाटत होतें. परंतु ज्या तरुणांच्या वादांतून हा लेख निघाला त्यांस कांहीं निश्चित सांगणें हें कर्तव्य वाटतें.

पहिली गोष्ट, खालचा थर आधीं निवडावा. आज मिळणारी बंद पेशींच्या फोमची चटई तीनशें-चारशें ग्रॅम भरते, पाणी पीत नाहीं व दबत नाहीं. भिक्षूचें संथत व घोंगडीवाल्याचा पेंढा या दोहोंचें काम ती करते. तिच्यावांचून महागडी पिशवीहि गोरखगडाच्या दगडावर आमच्या चादरींइतकीच निरुपयोगी ठरेल.

दुसरी गोष्ट, वरचें पांघरूण आपल्या डोंगराच्या मानानें घ्यावें, हिमालयाच्या नव्हे. ठाणें जिल्ह्याच्या घाटमाथ्यावर पौष-माघांतल्या थंड रात्रीं पारा दहा अंशांच्या आसपास येतो, क्वचित् त्याच्या खालींहि जातो. पिशव्यांवर ठरलेल्या मानकानुसार आरामाचा, मर्यादेचा व टोंकाचा असे निरनिराळे अंश छापलेले असतात. त्यांतला आरामाचा अंश पाहावा, टोंकाचा नव्हे, कारण टोंकाचा अंश जीव वांचण्याचा आहे, झोंपेचा नाहीं. हे अंश चटईवर व अंगांत कपडे घालून निजणाऱ्यासाठीं ठरविलेले असतात, हेंहि विसरूं नये. आठ-दहा अंशांची पिशवी आपल्याकडे बहुतेक रात्रींस पुरते.

तिसरी गोष्ट, ओल. पिसांची पिशवी सर्वांत हलकी व लहान घडीची, पण भिजली कीं पिसें गोळा होतात आणि ऊब जाते. घाटांतल्या दंवांत कृत्रिम तंतूंची पिशवी थोडी जड पण भरवंशाची. चौथी गोष्ट, आंत एक पातळ सुती अस्तर असावें. आजीचें मऊ झालेलें लुगडें या कामास उत्तम. त्यानें पिशवी मळत नाहीं, आणि वैशाखांत तर तें एकटेंच पुरतें. एवढें सगळें दीड किलोंच्या आंतबाहेर बसतें. म्हणजे हलक्या घोंगडीचेंच वजन. फरक एवढाच कीं खालचा थर आतां त्यांत धरलेला आहे.

या निवडीशीं इतिहासाचा आणखी एक संबंध आहे, आणि तो आम्हांस सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. अंथरूण अपुरें पडलें कीं माणूस शेकोटी पेटवितो. गुहेंत पेटविलेल्या शेकोटीचा धूर भिंतीवर बसतो, आणि उष्णतेनें दगडाचे पापुद्रे सुटतात. नाणेघाटाच्या भिंतीवरील ब्राह्मी अक्षरें काळाच्या माऱ्यानें आधींच झिजलेलीं आहेत. राजकुळाच्या प्रतिमा तर जवळजवळ गेल्याच, वरचीं नांवें तेवढीं मागें राहिलीं. जो तरुण पुरेशा उबेची चटई-पिशवी घेऊन जातो व लेण्यापासून दूर, मोकळ्यावर निजतो, तो नकळत नागनिकेच्या लेखाचें रक्षण करतो.

८. उपसंहार

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यांत असा. हलकें अंथरूण हा कोणा एका देशाचा किंवा काळाचा शोध नाहीं. जो आपलें ओझें आपण वाहतो, त्याला तो दर वेळीं नव्यानें लागतो. आणि ओझें दुसऱ्याच्या डोक्यावर गेलें कीं तोच माणूस, त्याच देशांत, तो विसरतो. अंथरुणाचें वजन थंडी ठरवीत नाहीं, ऐपतहि ठरवीत नाहीं. तें वाहणाऱ्याचा खांदा ठरवितो. कौशांबीचा भिक्षु, मराठा स्वार, वरसईचा भिक्षुक व डोंबिवलीचा तरुण हे या बाबतींत एकाच पंक्तीचे. बादशहा आणि होल्डॉलवाला दुसऱ्या पंक्तीचे.

आमच्या मंडळींस शेवटीं एक विनंति आहे. जुने कागद मिळविण्याकरितां इतिहासाचार्य राजवाडे मोजक्या सामानानिशीं गांवोगांव हिंडले व वाण्याच्या दुकानांत रद्दींत जाणारीं दप्तरें वांचवून आणलीं. तोच डोळा आतां कापडाकडे वळविला पाहिजे. ठाणें, कल्याण, डोंबिवली येथील जुन्या घरांच्या माळ्यांवर आजोबांची घोंगडी, पणजीची वाकळ, एखादा होल्डॉल अद्याप असेल. तो टाकून देण्यापूर्वीं त्याची लांबीरुंदी घ्यावी, वजन करावें, कोणीं विणला, कोणीं वापरला, कोणत्या वाटेनें गेला तें घरांतल्या वृद्धांस विचारून लिहून ठेवावें. शिलालेख आणखी कांहीं शतकें वाट पाहूं शकेल. घोंगडीला कसर लागलेली आहे, आणि ती पांघरून घाट चढलेलीं माणसें आतां थोडींच उरलीं आहेत.